पडद्यामागचा माणूस

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

आज मी तुम्हाला एक खेळ शिकवणार आहे. कवी माणसाने रेडिओवर येऊन कविता म्हणायची सोडून खेळ काय शिकवायचा, असे कुणाच्या मनात आले तर ते रास्तच आहे. त्यातून हा खेळ थोडा आकड्यांचा, थोडा तर्काचा. आणि मी बी.ए. झालेला, दहावीनंतर गणिताशी काडीमोड घेतलेला माणूस. पण या खेळात माझ्या हातून एक चूक झाली आणि ती मी एक दिवस लपवून ठेवली. ती सांगायची तर आधी खेळ समजावून सांगायला हवा. हाताशी कागद-पेन्सिल असेल तर जवळ घेऊन बसा.

खेळ दोघांचा. एकाने लपवायचे, दुसऱ्याने शोधायचे, इतकाच. दुकानात तो 'मास्टरमाइंड' या नावाने मिळतो. प्लॅस्टिकचा एक लांबट बोर्ड असतो, त्यावर दहा ओळी, प्रत्येक ओळीत चार भोके. सोबत सहा रंगांच्या छोट्या खुंट्या. मुले त्यांना पिना म्हणतात. बोर्डाच्या एका टोकाला बोटभर उंचीचा आडपडदा असतो. लपवणाऱ्याने त्यामागे चार खुंट्या आपल्या मनाप्रमाणे लावायच्या. समजा लाल, निळी, हिरवी, पिवळी. एकच रंग दोनदा किंवा चारही वेळा वापरायलाही मुभा असते. शोधणाऱ्याने पहिल्या ओळीत चार खुंट्या लावून अंदाज करायचा. मग लपवणाऱ्याने त्याला उत्तर द्यायचे. उत्तर तोंडाने नाही, तेही छोट्या खुंट्यांनीच. रंग बरोबर आणि जागाही बरोबर असेल तर एक काळी खुंटी. रंग आहे, पण जागा चुकली असेल तर एक पांढरी. रंगच नसेल तर काही नाही. कोणत्या रंगाला काळी मिळाली आणि कोणत्याला पांढरी, हे मात्र सांगायचे नाही.

माझी नात नऊ वर्षांची आहे. तिने या काळ्या-पांढऱ्याला आपले शब्द दिले आहेत. काळी म्हणजे 'पक्का' आणि पांढरी म्हणजे 'कच्चा'. "नाना, एक पक्का, दोन कच्चे," असे आमचे चालते. मला ते शब्द फार पटले. कविता लिहिताना याहून वेगळे काय होते? शब्द अचूक सापडलेला असतो, पण ओळीत तो भलत्याच जागी बसलेला असतो. तो कच्चा. त्याला उचलून दोन शब्द पलीकडे ठेवावे, की पक्का होतो. फरक एवढाच, की कवितेत पडद्यामागे कुणी बसलेले नसते. आपणच विचारायचे आणि आपणच उत्तर द्यायचे. त्यामुळे फसवणुकीला वाव भरपूर!

हा डबाबंद खेळ तसा फार जुना नाही. मोर्देकाई मेरोविट्झ नावाच्या इस्राएलमधल्या गृहस्थांनी तो १९७०च्या सुमारास तयार केला. ते टपाल खात्यातले, दूरसंचारातले जाणकार. निरोप पाठवणे, उलगडणे हाच ज्यांचा पोटापाण्याचा धंदा, त्यांना असा खेळ सुचावा यात नवल नाही. मोठ्या खेळणी-कंपन्यांनी त्यांना परत पाठवले, असे सांगतात. शेवटी इंग्लंडमध्ये लेस्टरजवळच्या इन्व्हिक्टा प्लॅस्टिक्स या कंपनीने तो बाजारात आणला आणि बघता बघता तो जगभर गेला. जुन्या डब्यावर एक चित्र असायचे. खुर्चीत ऐटीत बसलेला दाढीवाला गृहस्थ आणि मागे उभी असलेली एक तरुणी. त्या दोघांचा खेळाशी काय संबंध, हे कोडे डब्यातल्या कोड्याहून अवघड होते.

पण बोर्ड नसला तरी अडत नाही. या खेळाचे कागदी रूप त्याच्याही आधीचे. इंग्रजीत त्याला 'बुल्स अँड काऊज' म्हणतात, म्हणजे बैल आणि गायी. पक्क्याला बैल, कच्च्याला गाय. आम्ही कॉलेजात असताना वहीच्या मागच्या पानावर तो खेळायचो. वहीचे मागचे पान हे आपल्याकडचे सर्वांत मोठे क्रीडांगण आहे, असे माझे मत आहे. फुली-गोळा काय, जहाजे बुडवणे काय, सगळे तिथेच. या कागदी खेळात रंगांऐवजी चार आकडी संख्या घ्यायची, चारही अंक वेगवेगळे. बाकी नियम तेच.

आम्ही राहतो रोडपालीत, पनवेल तालुक्यात, कळंबोलीला लागून. ज्यांनी हा भाग पाहिला आहे त्यांना सांगायला नको, की इथे माणसांहून ट्रक जास्त दिसतात. लोखंड बाजार जवळ, तळोज्याचे कारखाने जवळ, पुण्याकडे जाणारा द्रुतगती मार्ग सुरू होतो तोही इथूनच. या ट्रकांच्या घरघरीला मी पुष्कळ वर्षे नावे ठेवली. नातीने मात्र त्यांचा उपयोग शोधून काढला. ती खिडकीत उभी राहते, समोरून जाणाऱ्या एखाद्या ट्रकच्या पाटीवरचे शेवटचे चार आकडे उचलते आणि तीच तिची लपवलेली संख्या. एमएच-४६ नंतरची अक्षरे सोडायची, चार आकडे घ्यायचे. अंक दोनदा आला तर तो ट्रक बाद, पुढच्याची वाट बघायची. वाट फार बघावी लागत नाही.

आता एक डाव प्रत्यक्ष खेळून दाखवतो. आमच्या इमारतीत गणिताचे एक निवृत्त शिक्षक आहेत. त्यांच्याशी झालेला हा डाव. संख्या त्यांनी लपवली, शोधायची मी.

चार वेगवेगळ्या अंकांच्या अशा एकूण ५०४० जुळण्या होतात. पहिल्या जागेसाठी दहा अंक, दुसऱ्या जागेसाठी नऊ, मग आठ, मग सात; यांचा गुणाकार. सुरुवात कुठूनही करा. मी सरळ १२३४ विचारले. सर म्हणाले, "एक पक्का, एक कच्चा." दुसऱ्यांदा ५६७८. पुन्हा तेच, एक पक्का, एक कच्चा. इथे थांबून विचार करा. पहिल्या चौघांतले दोन आणि दुसऱ्या चौघांतले दोन, झाले चार. म्हणजे नऊ आणि शून्य यांची नावेही न घेता ते घराबाहेर गेले. ज्याबद्दल विचारले नाही त्याचेही उत्तर मिळते, हीच या खेळातली खरी गोडी.

तिसऱ्यांदा विचारले १६२५. हे मी असेच फेकले नव्हते. आधीच्या दोन्ही उत्तरांशी जुळेल अशी ती संख्या आहे; ताडून पाहा. नवशिक्याने एवढे एक पथ्य पाळले तरी पुष्कळ झाले: जी संख्या आधीच्या उत्तरांनी बाद केली आहे, ती पुन्हा विचारू नये. उत्तर आले, पक्का एकही नाही, दोन कच्चे. चौथ्यांदा ५७१४. एक पक्का, दोन कच्चे.

आता कागदावर मांडून पाहिले तर सगळ्या उत्तरांना पुऱ्या पडणाऱ्या फक्त चार संख्या उरतात: ५१३७, ५२४७, २५७४ आणि ६१७४. चारच प्रश्नांत ५०४० वरून चारवर! पण इथेच उतावळेपणा नडतो. एकेक करून विचारत गेलो तर नशिबावर आले. मी ५२४७ विचारले, कारण ती बरोबर निघाली तर उत्तमच, आणि चुकली तरी उरलेल्या तिघींपैकी प्रत्येकीसाठी उत्तर वेगळे येणार होते. ५१३७ असती तर दोन पक्के. २५७४ असती तर चार कच्चे. सर म्हणाले, "पक्का नाही. दोन कच्चे." म्हणजे ६१७४. सहाव्या प्रश्नात मी ती सांगितली आणि सर खो खो हसले.

हसण्याचे कारण गणितवाल्यांना कळले असेल. ६१७४ ही आपल्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांची संख्या. ते १९०५ साली डहाणूला जन्मले आणि देवळालीला शाळामास्तर म्हणून आयुष्य काढले. कोणतीही चार आकडी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नसले म्हणजे झाले. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने लावा, मोठीतून लहान वजा करा. जे येईल त्याचे पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तुम्ही ६१७४ वर येऊन थांबता. १९४९ मध्ये त्यांनी हे जगापुढे मांडले. पुढे मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली अमेरिकेतल्या 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा देवळालीच्या मास्तरांचे नाव दूरवर पोचले. आमचे सर म्हणाले, "मला ओळखता ना तुम्ही? मग हा पहिलाच प्रश्न असायला हवा होता." खरेच होते. आकड्यांचा तर्क मी केला, माणसाचा केलाच नाही. त्यानंतर सरांनी ती संख्या पुन्हा घेणार नाही असे गृहीत धरून मी खेळलो, तर पुढच्याच आठवड्यात त्यांनी पुन्हा तीच घेतली!

अमेरिकेतले संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नुथ यांनी १९७६-७७ मध्ये रंगांच्या खेळाचा पुरता हिशेब मांडला. सहा रंग, चार जागा, जुळण्या १२९६. पडद्यामागे काहीही असो, नीट विचारत गेले तर जास्तीत जास्त पाच ओळींत ते सापडलेच पाहिजे, असे त्यांनी दाखवून दिले. पहिली ओळ दोन रंगांची, प्रत्येकी दोन खुंट्या, म्हणजे लाल लाल निळा निळा अशी लावावी, हेही त्यांचेच. आकड्यांच्या खेळाला जास्तीत जास्त सात प्रश्न पुरतात. तुम्हा-आम्हाला आठ-नऊ लागले तर वाईट वाटून घेऊ नये.

आणि आता त्या संध्याकाळकडे येतो.

कोडी घालण्याची आवड आपल्याकडे काही कमी नाही. कुणी कोडे म्हणते, कुणी हुमान. अमीर खुसरोंच्या नावावर 'मुकरी' नावाचा एक प्रकार सांगितला जातो. त्यात दोन मैत्रिणी असतात. एक जण कुणाचे तरी वर्णन करते, रात्रभर जवळ असतो वगैरे. दुसरी ओळखते: तुझा साजण ना? की पहिली झटकन नाकबूल करते आणि भलत्याच वस्तूचे नाव घेते. मुकरी म्हणजेच मुकरणे, शब्द फिरवणे. तिथे उत्तर देणारी शब्द फिरवते आणि त्यातच मजा आहे. आमचा खेळ नेमका उलटा. इथे पडद्यामागच्या माणसाला बुद्धी फारशी लागत नाही. त्याने फक्त बरोबर मोजायचे आणि खरे सांगायचे. शोधणाऱ्याच्या हाती दुसरे काही नसतेच. बुद्धिबळात समोरच्याची चाल डोळ्यांना दिसते. इथे माझ्या उत्तरावर ती आंधळेपणाने चालते.

पावसाळ्याचे दिवस होते. दिवे गेलेले. मेणबत्ती लावून मी आणि नात रंगांचा डाव मांडून बसलो होतो. लपवायची पाळी माझी. मी लावले होते लाल, निळा, हिरवा, पिवळा. तिची दुसरी ओळ होती निळा, निळा, लाल, पांढरा. आता याचे खरे उत्तर काय? दुसऱ्या जागेवरचा निळा माझ्याही दुसऱ्या जागेवर आहे, तो पक्का. लाल आहे, पण जागा चुकली, तो कच्चा. पांढरा नाही. राहिला तिचा पहिला निळा. माझ्याकडे निळा एकच, आणि त्याचा हिशेब पक्क्यात लागून गेला. म्हणून पहिल्या निळ्याला काही मिळायचे नाही. एक पक्का, एक कच्चा, एवढेच उत्तर.

मी दिले एक पक्का, दोन कच्चे. एका निळ्याला दोनदा मोजले. नवशिकी माणसे हमखास करतात ती ही चूक, आणि मी काही नवशिका नव्हतो. लक्ष बाहेर पावसाकडे असेल, नाहीतर कुठल्या ओळीकडे.

तिने ती खुंटी पाहिली आणि कामाला लागली. चारांतले तीन रंग आत आहेत, असे मी तिला सांगितले होते. तिसरी ओळ, चौथी ओळ. त्या ओळींना मी अगदी बरोबर उत्तरे दिली, आणि तीच तिला आडवी येऊ लागली. ती दुसरा निळा शोधत होती, पांढरा शोधत होती. दोन्ही नव्हतेच. सहाव्या ओळीनंतर तिने बोट ओळींवरून वरखाली फिरवले, हळू आवाजात म्हणाली, "असं होतच नाही." पण ते माझ्यासाठी नव्हते, स्वतःशीच होते. मग उरलेल्या ओळी तिने नुसत्या भरल्या. दहावी ओळ संपली. मी पडदा काढला. तिने माझ्या चार खुंट्यांकडे पाहिले, मग आपल्या दहा ओळींकडे, आणि म्हणाली, "मी वेडीच आहे."

त्याच क्षणी मला दुसरी ओळ दिसली. मेणबत्तीच्या उजेडातही स्पष्ट दिसली. आणि श्रोतेहो, मी काही बोललो नाही. उशीर झाला होता, जेवायचे होते, उद्या खेळू असे म्हणून मी खुंट्या गोळा करून डब्यात टाकल्या. खुंट्या डब्यात गेल्या की पुरावा गेला. हे सांगताना मला लाज वाटते, पण तेव्हा मनात नेमका हाच विचार आला होता.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर मीच विचारले, "खेळायचं का?" तर म्हणाली, "नको नाना, मला नाही जमत ते." ट्रकचे नंबर घेऊ म्हटले, तेही नको. ती चित्रे काढत बसली.

नऊ वर्षांच्या मुलीने माझ्यावर शंका घेतली असती तर मला राग आला असता, कदाचित. पण तिच्या मनाला शंका शिवलीही नाही. उत्तर जुळेना तेव्हा तिने आजोबांचे मोजणे तपासले नाही, आपले डोके तपासले, आणि ते नापास केले. मला माझी शाळा आठवली. गणितात माझे उत्तर आणि पुस्तकाच्या मागचे उत्तर जुळत नसे, तेव्हा मीही हेच करत आलो. त्यातल्या काही वेळा तरी पुस्तकातच छपाईची चूक असेल की!

संध्याकाळी मी बोर्ड काढला आणि कालचा डाव आठवेल तसा पुन्हा लावला. पहिल्या काही ओळी तिला माझ्यापेक्षा चांगल्या आठवत होत्या. दुसऱ्या ओळीशी आल्यावर म्हटले, "आता तू मोज." तिने मोजले. एकदा, दोनदा. मग मान वर करून माझ्याकडे पाहिले. "नाना, तुम्ही निळा दोनदा धरला." मी हो म्हटले. ती म्हणाली, "म्हणजे मी बरोबर होते. मी म्हटलं होतं, असं होतच नाही." मग थोडे थांबून, "तुम्हाला केव्हा कळलं?"

या प्रश्नाला पक्का-कच्चा असे उत्तर देता येत नाही. मी म्हटले, "कालच." ती काही बोलली नाही. बराच वेळ खुंट्या भोकांतून काढत आणि घालत राहिली.

मग तिनेच नियम केले. ते तुम्हालाही सांगतो, कारण डब्यातल्या कागदावर ते छापलेले नसतात. पहिला, लपवणाऱ्याने आधी पक्के मोजायचे, त्या खुंट्यांवर बोट ठेवून त्या बाजूला काढायच्या, आणि मगच उरलेल्यांत कच्चे शोधायचे. एका खुंटीला एकदाच मोल. दुसरा, शोधणाऱ्याला कुठल्याही ओळीनंतर 'फेरतपासणी' म्हणता येईल. तसे म्हटले की लपवणाऱ्याने न कुरकुरता सगळ्या ओळी पुन्हा मोजायच्या. चूक निघाली तर ओळ परत. तिसरा, डाव संपला की पडदा काढायचा, पण खुंट्यांना हात लावायचा नाही. दोघांनी मिळून वरपासून खालपर्यंत उत्तरे तपासायची, आणि मगच डबा.

हा तिसरा नियम कुणासाठी होता, हे मला न सांगता कळले.

परवा तिने फेरतपासणी मागितली. मी सगळ्या ओळी मोजल्या, माझी उत्तरे बरोबर निघाली. चूक तिचीच होती, चौथ्या ओळीत बाद झालेला हिरवा तिने सहाव्या ओळीत पुन्हा धरला होता. "अच्छा, माझंच होय," म्हणाली आणि सातव्या ओळीला लागली. नवव्या ओळीत तिने मला पकडले. मी खुंट्या काढायला हात पुढे केला, तर तिने माझे मनगट धरले. "नाना, आधी तपासू."